माल्टाच्या खिडकीतली इरकल

दिंद्रुड, ता. माजलगाव, जि. बीड
४ जून २०२३

श्री. व्लास्तिमीर ग्रुबेशा यांस, रामहरी ठोंबरे यांचा नमस्कार.

माझ्या हातानं झालेली कामं अशी. उसाच्या टायरगाड्या, त्यांतली पहिली अजून रस्त्यावर आहे. तेलगावच्या नाक्यावरचं माझं वेल्डिंगचं दुकान, शटरसकट. आईसाठी तीन चाकांची खुर्ची. तिचं पुढचं चाक लहान मुलांच्या सायकलचं, आणि आई शेवटपर्यंत त्या खुर्चीवरून अंगणात फिरली. किराणावाल्या बसवेश्वरअप्पांचा लोखंडी जिना, ज्याला वळणावर धक्का बसत नाही. पेरणीसाठी दोन नळ्यांची पाभर. आणि शाळेच्या मैदानावरचे फुटबॉलचे दोन गोल, चाकांसकट, जाळीसकट. जाळी नायलॉनची आहे, सुतळीची नाही. सुतळी भिजली की आखडते.

यातलं मला कुणी शिकवलेलं नाही.

हे लिहायचं कारण, करिष्माच्या लग्नात तुम्ही विचारलं होतं की मी आणखी काय काय बनवलं आहे. मांडवात बँजो वाजत होता, उत्तर नीट देता आलं नाही. अर्धवट उत्तर मला चालत नाही. करिष्मा माझी भाची आहे आणि गोव्याला तुमच्या फुटबॉल क्लबात फिजिओ म्हणून तुमचा गुडघा तीच बघते, तेव्हा ती हे इंग्रजीत करून देईल.

तुम्ही वरच्या आडव्या पाईपला हात लावून काही बोललात. करिष्मा म्हणाली, "मामा, ते म्हणतात उंची बरोबर आहे." बरोबरच असणार. रुंदी सात मीटर बत्तीस, उंची दोन चव्वेचाळीस. मी बनवत होतो तेव्हा गावानं वेड्यात काढलं होतं. "बत्तीस कावून बे? सरळ सात कर की." मी म्हणालो, नियमात बत्तीस आहे तर बत्तीस. करिष्मा तेव्हा नववीत होती आणि दोन विटांमध्ये बॉल मारत होती. तिच्यासाठी बनवले.

चाकं यासाठी, की दिवाळीनंतर ते मैदान मोकळं लागतं. अर्धं गाव ऊस तोडायला जातं, ट्रक-ट्रॅक्टर तिथंच भरतात. तेव्हा गोलला जू अडकवायचं आणि बैलांनी ओढून शेडमध्ये न्यायचा. तुम्ही नवरदेवाच्या मित्रांना घेऊन स्वतः ओढून पाहिलात, ते मला आवडलं. ओढल्याशिवाय गाडी कळत नाही.

करिष्मा सांगते, तुमचं काम गोल करायचं नाही, होऊ द्यायचा नाही. अशा कामाचं कौतुक कमी होत असेल. आता पुढे कुठे? माझी बायको मंगल विचारते, आम्ही दिलेला आहेर घरी पोचला का.

आपला,
रामहरी ठोंबरे

*

माल्टा
१२ सप्टेंबर २०२३

(मामा, पत्र त्यांनी मला गोव्याच्या पत्त्यावर पाठवलं. मूळ कागद सोबत जोडला आहे, खाली माझं मराठी. – करिष्मा)

प्रिय रामहरीभाऊ,

तुमच्या पत्रातल्या पहिल्या गाडीचा मला हेवा वाटला. ती अजून रस्त्यावर आहे आणि तुम्हाला ती ओळखता येते. माझी कामं दिसत नाहीत. जो गोल झाला नाही, तो कुणाला दाखवणार?

माझं गाव सर्बियातलं पिरोत. डोंगराच्या पायथ्याशी आहे, प्लमची झाडं आहेत, वडिलांची एक शेड आहे. तिथल्या क्लबात सतराव्या वर्षी सुरुवात केली. मग बेलग्रेडला, मग हंगेरी, सायप्रस, कझाकस्तान, पुन्हा सायप्रस, थायलंड, लेबनॉन, ओमान, मग तुमच्याकडे गोवा. आता हे माल्टा. सगळीकडे पिवळा दगड आणि समुद्र. गुडघा करिष्मानं उभा केला म्हणून इथला करार झाला, पण एका सीझनचाच. मी छत्तीस वर्षांचा आहे. मे महिन्यात हा करार संपेल. त्यानंतर एक तर थांबायचं, नाहीतर एजंट म्हणेल तिथं आणखी एकदा जायचं. रोज जिना उतरताना मी या एकाच गोष्टीचा विचार करतो, कारण जिना उतरताना गुडघा दुखतो. तुमच्या अप्पांचा जिना इथं हवा होता.

मी पत्रं लिहितो कारण प्रत्येक देशात फोनचा नंबर बदलतो. पत्ताही बदलतो म्हणा, पण कागद राहतो.

तुमच्या पत्नीला सांगा, आहेर फार उपयोगी पडला. टोपी मी समुद्रावर घालतो. आणि त्यांनी दिलेलं ते लांब, जांभळं, लाल काठाचं कापड माझ्या खोलीच्या खिडकीला अगदी मापात बसलं. दोन पदर करून रिंगांवर लावलं आहे. इथं ऊन फार आहे. इतका चांगला पडदा मला आजवर कुठल्याच देशात मिळाला नव्हता.

घरी मिलित्सा, माझी पत्नी, आणि मुलगी मजेत आहेत.

तुमचा,
व्लास्ता

*

दिंद्रुड
२९ ऑक्टोबर २०२३

व्लास्ताभाऊ, नमस्कार.

पत्र मंगलला वाचून दाखवलं. पडद्यापर्यंत आलो आणि ती चुलीपुढून उठली. "काय लावलंय?"

"पडदा."

"माझ्या इरकलीचा?"

"जांभळं, लाल काठाचं म्हणजे तीच."

तिनं पत्राचा कागद हातात घेऊन बघितला. मग हसायला लागली ती थांबेना. शेजारच्या छबुबाईला बोलावून सांगितलं, तीही हसली. आता गावात कुणी कुणाला आहेर केला की विचारतात, "नेसायची हाय का खिडकीला लावायची?"

तर खुलासा करतो. ती साडी आहे. ती तुमच्यासाठी नव्हती, मिलित्सावहिनींसाठी होती. आमच्यात पाहुणा एकटा आला तरी आहेर दोघांचा होतो. टोपी-टॉवेल त्याला, साडी तिला, ती आली असो वा नसो. एकाचाच आहेर करणं म्हणजे त्याला कुणी नाही असं म्हणणं.

ऊसतोडीतही हीच पद्धत. तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं पाचट काढून मोळी बांधायची, मग दोघांनी मिळून गाडी भरायची. मुकादम म्हणजे तुमच्या एजंटासारखा माणूस. तो सीझनच्या आधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला देतो, माणसाला नाही. एकटा माणूस आला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. त्याचं बरं चालत नाही. तो कितीही झटला तरी मोळी त्याच्या मागं साठत जाते.

मी आणि मंगल चौदा सीझन एक कोयता होतो, सांगलीपासून कर्नाटकापर्यंत. तेव्हा तुमचं ते देश-देश फिरणं मला समजतं. पेटी भरणं, पेटी उघडणं. न समजलेलं एवढंच की तुम्ही जाता एकटे.

साडी धुताना गरम पाणी नको.

आपला,
रामहरी

(करिष्मा, ही चिठ्ठी तुझ्यासाठी. मला इंग्रजी येत नाही, पण अक्षरं लागतात. मिलित्सा हा शब्द त्याच्या कागदावर तीन ठिकाणी आहे, तुझ्या मराठीत एकदाच. दोन मिलित्सा कुठं गेल्या?)

*

गोवा
१५ नोव्हेंबर २०२३

मामा, तुम्ही म्हणजे कमाल आहात. दुकानात एक बोल्ट कमी भरला तरी तुम्हाला झोप लागत नाही, आणि मी दोन मिलित्सा खाऊन पचवायला निघाले होते.

गाळलं ते मी. वाटलं, पाहुण्याच्या घरातली गोष्ट, सगळ्या दिंद्रुडला वाचून दाखवाल. आणि दाखवलीतच, पडद्याची.

त्यांनी लिहिलं होतं ते असं: "करिष्माच्या लग्नानंतर मी घरी दहा दिवस गेलो होतो. मिलित्सा भांडली नाही. चौथ्या देशापर्यंत ती माझ्याबरोबर होती, कझाकस्तानपर्यंत. मग म्हणाली, आता मी इथंच राहते. या वेळी निघताना मिलित्सा एवढंच म्हणाली, पुन्हा जायचं असेल तर मधेच येऊ नकोस. मुलीला समजावणं मला जड जातं."

ती साडी त्यांच्या बॅगेत होती त्या दहा दिवसांत. काढलीच नाही म्हणाले मला फोनवर. पडदा समजले होते ना. तुमचा खुलासा वाचून त्यांनी काय केलं ते मला माहीत नाही, पण मी शब्दही न गाळता पाठवला आहे.

मामीला नमस्कार. हे तिला वाचून दाखवलंत तरी चालेल. छबुबाईला नको.

तुमची,
करिष्मा

*

माल्टा
२० जानेवारी २०२४

प्रिय रामहरीभाऊ,

पडदा उतरवला. खोलीत सकाळी साडेसातलाच ऊन येतं आता. घडी घातली, पण काठाला रिंगांची भोकं पडली आहेत. तुमच्या पत्नीची माफी मागतो. धुतली थंड पाण्यात.

कोयत्याचं वाचून मी तो कागद इथल्या ड्रेसिंग रूममध्ये नेला आणि सगळ्यांना इंग्रजीत सांगितला, कारण आमचंही तसंच आहे. बचावफळीत मधोमध दोघं उभे असतात. ते दोघं मिळून एक काम करतात. एक बॉलवर जातो, दुसरा त्याच्या मागची जागा झाकतो. पुढे सरकायचं तर दोघांनी एकदम सरकायचं. एक मागे राहिला की समोरचा स्ट्रायकर मोकळा सुटतो. पण पंचवीस हजार लोक बघतात ते जो उशिरा सरकला त्याच्याकडे नाही, जो जवळ होता त्याच्याकडे.

माझे जोडीदार सांगतो. हंगेरीत एक होता, तो शीळ घालायचा. एक शीळ म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. सायप्रसचा डोक्यानं बॉल मारायचा नाही, केस बिघडतात म्हणून, पण जमिनीवर त्याला कुणी चुकवलं नाही. कझाकस्तानचा बोलायचाच नाही, कोपरानं हलकं ढोसायचा, बर्फात मला त्याचं कोपर जाड जर्सीतून कळायचं. गोव्यात मिझोरामचा एक जण होता, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, मला "सर" म्हणायचा आणि मॅचमध्ये "ओ म्हाताऱ्या, मागे!" असं ओरडायचा. इथल्याचं नाव मी अजून नीट उच्चारत नाही. मे महिन्यात तोही सुटेल.

दरवर्षी नवा जोडीदार. पत्र वाचून झाल्यावर हिशेब केला तेव्हा कळलं, मैदानावर मी कधी अर्धा नव्हतो. बाकी सगळीकडे होतो.

एजंटाचा फोन आला होता. उझबेकिस्तानात एक क्लब आहे, दोन सीझन, खेळायचं आणि मुलांना शिकवायचंही. मेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. म्हणून तुम्हालाच विचारतो, कारण माझ्या ओळखीत दुसरा कुणी नाही ज्यानं हे केलं आहे. कोयता कधी खाली ठेवायचा, हे तुम्हाला कसं कळलं?

तुमचा,
व्लास्ता

*

दिंद्रुड
१७ मार्च २०२४

व्लास्ताभाऊ, नमस्कार.

माणूस काय विचारतो त्यावरून त्याची पारख होते. तुमचा प्रश्न नेमका आहे, म्हणून नेमकं उत्तर देतो.

सन २०११ साली मी कोयता स्वतःहून खाली ठेवला. कुणी सांगितलं नाही, हातपाय थकले नव्हते. ठरवलं, आणि ठेवला. मला दिसत होतं की हातात यापेक्षा मोठं कसब आहे. तेलगावला एका दुकानात वेल्डिंग बघितलं, बघून बघून उचललं. दोन वर्षांत स्वतःचं दुकान टाकलं. तेव्हा माझं म्हणणं असं, की माणसानं मनाशी पक्कं करावं आणि मागं बघू नये. बाकी सगळं त्यानंतर आपोआप जुळतं.

आता इकडची बातमी. करिष्माच्या लग्नात कुणीतरी तुम्ही गोल ओढतानाचा व्हिडिओ काढला होता, तो फिरत फिरत पुण्याच्या एका क्रीडासाहित्य बनवणाऱ्या कंपनीत गेला. त्यांची दोन माणसं गाडी घेऊन आली. एकानं गोलच्या आसाखाली झोपून फोटो काढले, पांढरा शर्ट घालून. मी म्हणालो, ग्रीस लागेल. तो म्हणाला, लागू द्या. तेवढ्यावरून मला माणूस बरा वाटला.

त्यांना हा गोल शाळांसाठी बनवायचा आहे. त्यासाठी मी पुण्याला त्यांच्या कारखान्यात यावं, दोन वर्षं. पगार चांगला आहे. राहायला खोली देतात, ती एकट्या माणसाची. इतकी वर्षं गावात लोक "रामहरी मिस्त्री" म्हणत आले. तिथं टेबलावर नावाची पाटी असेल म्हणाले. मंगलला अजून बोललो नाही. आधी मनाशी पक्कं करतो, मग सांगेन.

जवळपास पक्कं झालेलंच आहे. तुम्हीही उझबेकिस्तानचं पक्कं करून टाका, हो किंवा नाही. मधे लोंबकळणं वाईट.

आपला,
रामहरी

*

गोवा
८ एप्रिल २०२४

(व्लास्ता, मामाच्या पत्राचं इंग्रजी सोबत आहे. त्यानंतर मी मामीला फोन करून ते पत्र वाचून दाखवलं, पुण्यासकट. चूक की बरोबर, माहीत नाही. मागच्या वेळी गाळून बघितलं, या वेळी सांगून बघते. मामीनं मला हे लिहून घ्यायला लावलं. ती बोलली तसंच मराठीत उतरवून घेतलंय, खाली इंग्रजी आहे. मामाला यातलं माहीत नाही.)

व्लास्ताभाऊ, मी मंगल. साडीची माफी कशाला, भोकं बुजवता येतात. पर ती तिला दे.

ह्यांनी तुला लिवलं म्हणं की कोयता मी स्वतःहून ठिवला. त्यांनी न्हाई ठिवला. मी बसले.

ट्रक आलता शाळेच्या मैदानात. सामान चढलंतं, भांडी, गोधड्या, ज्वारीचं पोतं, दोन कोंबड्या. समदी चढली. मी कडंच्या दगडावर बसले. हे म्हणले, "चल." मी म्हणलं, "मी येत न्हाई." भांडले न्हाई. हे म्हणले, "कावून?" मला सांगता आलं न्हाई. आज बी सांगता येत न्हाई. पाय उठलाच न्हाई, एवढंच.

मुकादम म्हणला, "रामहरी, अर्धा कोयता घिऊन मी काय करू?" मग ह्यांनी सामान उतरवलं. लई नीट उतरवलं. एक भांडं वाजू दिलं न्हाई. कोंबड्या हातात दिल्या माझ्या. त्या वर्षी पोटासाठी तेलगावच्या दुकानात झाडलोट करायला लागले, तिथं बघून शिकले. कुणी शिकवलं न्हाई हे खरं हाय, मालक नुसता शिव्या देयचा. पर मी बसले नसते तर हे अजून उसातच असते.

ही गोष्ट ते कुणाला सांगत न्हाईत अन् मी बी कधी काढली न्हाई. पुरुषाला एखादी गोष्ट आपली वाटली तर वाटू द्यावी. पर तू विचारलंस म्हणून सांगितली, कारण तुझं समदं त्याच्यावर हाय.

तुझी बायको बसली हाय. तिला फोनवर उठवू नको. कावून बसलीस म्हणून विचारू बी नको. तिच्या शेजारी जाऊन बस.

अन् पुण्याचं त्यांनी मला सांगितलं न्हाई. सांगतील तवा सांगतील. मी आडवी जाणार न्हाई. पर तू त्यांना लिव काहीतरी. माझं ऐकायला त्यांना कमीपणा वाटतो, परदेशी माणसाचं ऐकतील.

मंगल

*

पिरोत, सर्बिया
१९ ऑगस्ट २०२४

प्रिय रामहरीभाऊ,

उशीर झाला. पत्र लिहायला टेबल मोकळं नव्हतं, त्यावर साडी होती.

तुमच्या पत्नीचं पत्र मला एप्रिलमध्ये मिळालं. हे तुमच्यापासून लपवून तुम्हाला लिहिणं मला जमणार नाही. ट्रकचं, दगडाचं, कोंबड्यांचं सगळं त्यांनी लिहिलं आहे. रागावू नका. मला त्या गोष्टीत कमीपणाचं काही दिसलं नाही. मला दिसला तो एक माणूस, जो भरलेलं सामान भांडं न वाजवता उतरवतो. मी नऊ देशांत सामान चढवलं, उतरवायची वेळ आली की नेहमी वाजवूनच उतरवलं.

मे महिन्यात करार संपला. एजंटाला म्हणालो, जूनअखेर सांगतो. घरी आलो. मिलित्सा दारात होती, तिनं आधी बॅगेकडे बघितलं, किती मोठी आहे ते. मी साडी काढून दिली. तिनं ती खोलीभर उलगडली, ती संपेचना. मग काठाची भोकं दिसली.

"हे काय आहे?"

"मी पडदा केला होता. ती तुझी होती. मला कळलं नाही."

"किती दिवस?"

"चार महिने."

ती म्हणाली, "माझी वस्तू, आणि चार महिने ऊन तू अडवलंस." हसली नाही, पण बोलली. तेवढं बोलणं त्या घरात बऱ्याच दिवसांनी झालं होतं.

ती साडी नेसली नाही, कशी नेसतात तिला ठाऊक नाही. तिनं भोकं रफू करायला घेतली. तिची आजी गालिचे विणायची, आमच्या गावचे गालिचे प्रसिद्ध आहेत, तो हात तिच्यात आहे. प्लमच्या झाडाखाली बसायची. कापड इतकं लांब आणि मऊ, की एकटीला ते ताणून धरता येत नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं दगड ठेवून बघितलं. दुसऱ्या दिवशी मी जाऊन दुसरं टोक धरलं. काही विचारलं नाही, तुमच्या पत्नीनं सांगितलं होतं तसं. धरायचं काम मला येतं. वीस वर्षं मी तेच केलं, जागा सोडली नाही. फक्त मैदान चुकलं होतं.

असंच धरून बसलो होतो तेव्हा एजंटाचा फोन वाजला. दोन्ही हात गुंतलेले. मुलीनं फोन माझ्या कानाला लावला. मी नाही म्हणालो. मिलित्सानं टाका घालायचं थांबवलं नाही, पण त्यानंतरचा टाका जरा तिरका आला आहे. मी तिला दाखवला, ती म्हणाली, राहू दे.

आता मी इथल्या मुलांना शिकवतो. आमच्याही मैदानावर सप्टेंबरात जत्रा भरते, गोल हलवावे लागतात. तुमच्यासारखे चाकांचे बनवायचे आहेत. वडिलांच्या शेडमध्ये पाईप आहे. मापं पाठवा, अगदी सगळी.

तुमचं पुण्याचं काय झालं, विचारणार नव्हतो, विचारतोच. एजंटानं मला जो आकडा सांगितला होता तो मी कुणालाच सांगितलेला नाही, मिलित्सालाही नाही. आधी तुम्ही तुमचा सांगा, मग मी माझा सांगतो.

तुमचा,
व्लास्ता

*

दिंद्रुड
१२ नोव्हेंबर २०२४

व्लास्ताभाऊ, नमस्कार.

पत्र सप्टेंबरात मिळालं. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण गोलची मापं नाहीत, ती मला तोंडपाठ आहेत.

मंगलच्या पत्रात दुरुस्त्या आहेत. कोंबड्या दोन नव्हत्या, तीन होत्या. एक टोपलीत होती, ती तिला दिसली नाही. ती दगडावर बसली असं लिहिलं आहे, तो दगड नव्हता, पाण्याच्या टाकीचा ओटा होता. आणि दुकानाचा मालक नुसता शिव्या देत नव्हता, कधी कधी चहाही देत होता. बाकी तिनं लिहिलं आहे तसं झालं.

हे मी तिला बोललो. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तीन होत्या का?"

"तीन."

"मग तिसरीचं काय झालं?"

"ती आपणच खाल्ली, संक्रांतीला."

ती म्हणाली, "आसंल." यापेक्षा जास्त त्या विषयावर बोलणं झालं नाही. करण्यासारखं नव्हतंही.

आता पुण्याचं. कंपनीच्या माणसाला मी नोव्हेंबरअखेरपर्यंत वेळ मागितला होता. मनाशी पक्कं केलेलं होतं हे मी तुम्हाला लिहिलं होतंच. परवा दिवाळीनंतरचे ट्रक यायला लागले, मैदान मोकळं करायचं म्हणून गोल हलवायला गेलो. बैल शेतात होते. म्हटलं, रिकामा गोल आहे, एकटाच ओढतो. पुढं जू धरून निघालो. सरळ चालतो तोवर काही नाही. शेडकडे वळलो आणि मागची बाजू उचलली गेली, आडवा पाईप डोक्यावरून कलंडायला लागला. इतक्यात वजन बसलं आणि गोल सरळ झाला. मागं बघितलं तर मंगलनं मागची दांडी धरली होती. डोक्यावर पाण्याचा हंडा तसाच.

मी म्हणालो, "तू कधी आलीस?"

"दरवर्षी येतेच की. तुमी मागं बघत न्हाईत."

बारा वर्षं मी हा गोल हलवतोय आणि एकदाही माझ्या ध्यानात आलं नाही की वळताना तो का कलंडत नाही. मला वाटायचं, माझं माप बरोबर आहे म्हणून.

तिथंच, जू खांद्यावर असताना, मी तिला पुण्याचं सांगितलं. म्हणाली, "मला म्हाईत हाय. करिष्मानं सांगितलं, चैतातच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी सांगताव का बघत होते."

"खोली एकट्याची आहे."

"मग जा की. मी काय ओट्यावर बसलेय का?" आणि हंडा सावरून दांडी अजून घट्ट धरली. "आता वळवा. का उभंच ऱ्हायचंय?"

वळवला. शेडमध्ये लावला. संध्याकाळी कंपनीला फोन करून विचारलं, दोघांची खोली मिळेल का. तो पांढऱ्या शर्टवाला चांगला माणूस आहे, त्यानं वर विचारून बघितलं. म्हणाला, सध्या एकट्याचीच सोय आहे, वर्षभरानं बघू.

आता मापं. रुंदी आणि उंची तुम्हाला माहीत आहे. आस टायरगाडीचा घ्या, कारचा नको, कारचा वजनाला हलका पडतो. आडव्या पाईपच्या आतून एक पट्टी वेल्ड करा, नाहीतर दोन वर्षांत मधून झोळ येतो. जू अडकवायची कडी मधोमध नको, चार बोटं डावीकडे, कारण बहुतेक शेड उजव्या हाताला असतात. तुमची शेड डावीकडे असेल तर उलट. नकाशा वेगळ्या कागदावर काढला आहे, करिष्माला सांगून त्यावरचे शब्द तुमच्या भाषेत घालून घ्या. एक दोष मात्र आहे. वळताना मागून कुणीतरी धरावं लागतं. मागे तिसरं चाक लावून तो काढता येतो, पुण्याचे लोक तसंच करणार होते. नकाशात मी ते चाक दाखवलेलं नाही. तुमच्याकडे धरायला माणूस आहे.

मिलित्सावहिनींना सांगा, इरकल नेसायची ती उजवीकडून खोचून, निऱ्या समोर, पदर डाव्या खांद्यावर. मंगल म्हणते हे लिहून कळत नाही, बघावं लागतं. पुढच्या उन्हाळ्यात दोघं या. आहेर झालेला आहे, पुन्हा करणार नाही.

राहिला आकडा. तुम्ही आधी माझा मागितला आहे, तर घ्या, आणि पुढच्या पत्रात तुमचा न चुकता लिहा, गोळाबेरीज करून नको, अगदी नेमका. कंपनीचं म्हणणं होतं: मुख्य कारागीर, टेबलावर नावाची पाटी, दोन वर्षांचा करार, जेवण त्यांचं, राहायला एका माणसाची खोली. मी नाही म्हणून कळवलं. महिना अठ्ठेचाळीस हजार पाचशे.

आपला,
रामहरी ठोंबरे